सातवा प्लम केक

वसईला राहायला गेलो, त्या पहिल्याच नाताळात मी शेजारच्या आंटींकडे प्लम केक घेऊन गेले. चांगल्या बेकरीतला, सोनेरी रिबीन बांधलेला, वर प्लास्टिकचं हिरवं पान. आंटींनी हसून घेतला, "कशाला गं एवढं" म्हणाल्या आणि फ्रिजवर ठेवायला वळल्या. तिथे आधीच सहा डबे एकावर एक रचून ठेवले होते. माझा सातवा. चार दिवसांनी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे चहाला गेले, तर त्यांनी केक कापून पुढे ठेवला. रिबीन तीच, पान तेच. मी दोन तुकडे खाल्ले. छान होता.

यात आंटींचं काहीच चुकलं नव्हतं. दिवाळीत कोणी सोनपापडीचा डबा आणला की त्याचा पुढचा प्रवास आपणही असाच ठरवतो. चुकलं माझं. नाताळ म्हणजे केक एवढीच माझी माहिती होती आणि ज्या घरात त्या आठवड्यात सगळ्यात जास्त केकच असणार, तिथे मी केक नेला. त्यानंतर बरीच वर्षं त्या घराचे डिसेंबर जवळून पाहिले आणि भेट शोधायची माझी पद्धत बदलली. आता मी दुकानात जाण्याआधी त्या घरातला डिसेंबर कसा चाललाय ते बघते. काय कमी पडतंय, कोण दमलंय, कोण या वर्षी घरात नाही, हे कळलं की वस्तू आपोआप सुचते, आणि कधीकधी वस्तू लागतच नाही.

पहिली गोष्ट तारखेची. आपण बहुतेक जण भेट २४ला संध्याकाळी किंवा २५ला सकाळी नेतो. पण कॅथलिक घरात सणाची चाहूल आगमनकाळापासून लागते. नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी तो सुरू होतो, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीतरी. हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या लावतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, आणि दर रविवारी एक वाढवत जातात. मेणबत्ती ही नाताळातली सगळ्यात आळशी भेट, असं माझं मत आहे. सुगंधी मेणबत्त्यांनी भरलेले खण मी अनेक घरांत पाहिलेत. पण याच चार मेणबत्त्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नेऊन दिल्यात, तर चारही रविवारी जेवणाच्या टेबलावर तुमची आठवण निघते. तीच वस्तू २५ला दिली तर खणात जाते.

हाच हिशोब कंदिलाच्या ताऱ्याला, नव्या टेबलक्लॉथला आणि साच्यांना लागू. रोझ कुकीचा लोखंडी साचा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळाला तर त्याच वर्षी तेलात उतरतो. केकसाठीचा सुका मेवा तर कित्येक घरांत ऑक्टोबर-नोव्हेंबरातच रममध्ये भिजत पडलेला असतो, त्यामुळे २० डिसेंबरला बेदाण्याचं पाकीट नेण्यात अर्थ नाही. काजू मात्र न्या. काजू कधीच पुरत नाहीत. कपड्यांचंही तसंच. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सणाच्या प्रार्थनेला, घालायचे कपडे डिसेंबरच्या सुरुवातीलाच शिवून किंवा घेऊन झालेले असतात. २४ला दिलेला शर्ट कितीही सुंदर असला तरी तो ईस्टरपर्यंत थांबतो, आणि मापात बसला नाही तर त्याहून पुढे.

आणि उशीर झालाच तर? होऊ द्या. नाताळातल्या भेटींची परंपरा ज्यांच्याशी जोडतात, ते पूर्वेकडचे ज्ञानी लोक तरी कुठे वेळेवर पोचले होते? मत्तयच्या शुभवर्तमानात त्यांनी आणलेलं सोनं, ऊद आणि गंधरस यांचा उल्लेख आहे. किती जण आले हा आकडा तिथे नाहीच, तीन भेटींवरून पुढे तीन राजे झाले. त्यांचा सण ६ जानेवारीला. गोव्यात रेइश मागूस, कुयेली आणि चांदोर इथे त्या दिवशी तीन राजांचं फेस्त असतं. तेव्हा २५ चुकली म्हणून ऑनलाइन दुकानातून घाईघाईने काहीतरी मागवू नका. ६ जानेवारीपर्यंतचे दिवस नाताळाचेच आहेत, आणि गर्दी ओसरल्यावर आलेल्या पाहुण्याशी बोलायलाही घरातली माणसं मोकळी असतात.

आता सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात चांगली भेट: दोन तास. नाताळाचा फराळ करायला किती हात लागतात, याची बाहेरच्यांना कल्पना नसते. गोव्यात कुसवाडच्या ताटात बेबिंका, दोदोल, दोस, नेवऱ्या, पेराद, बातिक असं काय काय असतं. बेबिंकाचा एकेक थर वरून आच देऊन भाजायचा, तो झाला की पुढचा ओतायचा, तोवर भट्टीजवळून हलता येत नाही. दोदोल तर ढवळता ढवळता खांदा उतरतो. पण माणसं सगळ्यात जास्त लागतात ती कुलकुलांना. मैद्याची इवलीशी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबायची, गुंडाळायची, तळायची आणि पाकात घोळवायची. थोड्याशा पिठाच्या शेकडो होतात. गोव्यात त्यांना किडयो म्हणतात, म्हणजे किडे. दिसतातही तशाच. घरातली मुलं मोठी झाली, परदेशी गेली, की हे काम एकट्या आईवर येतं आणि मग एके वर्षी ती म्हणते, आता विकतच आणू.

आंटींकडे तिसऱ्या वर्षी मी हातात काहीही न घेता गेले आणि म्हटलं, आज कुलकुलांना बसते. पहिल्या तासात माझ्या कुलकुलांचे वेढे तेलात सुटत होते. आंटींनी ती वेगळी काढून घरातल्यांसाठी ठेवली, पाहुण्यांच्या ताटात घातली नाहीत. पण त्या दुपारी त्यांनी मला गोराईच्या माहेरच्या जेवढ्या गोष्टी सांगितल्या, तेवढ्या एरवी वर्षभरातही सांगितल्या नसत्या.

त्या गोष्टींतूनच पुढची भेट निघाली. ईस्ट इंडियन घरांत बॉटल मसाला असतो. मुंबई आणि आसपासच्या या मूळच्या ख्रिस्ती समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. त्यांचा हा मसाला उन्हाळ्यात करतात. वीसहून जास्त जिन्नस वाळवायचे, भाजायचे, कांडायचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांमध्ये ठासून भरायचे. म्हणून बॉटल मसाला. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि ते बहुधा एकाच बाईच्या डोक्यात किंवा एखाद्या तेलकट वहीत. आंटींच्या वहीची पानं सुटत होती. मी ती वही पंधरा दिवसांसाठी मागून घेतली, सगळं नीट उतरवून काढलं, जिथे अक्षर लागत नव्हतं तिथे त्यांना विचारलं आणि झेरॉक्सच्या दुकानात चार प्रती करून स्पायरल बाइंडिंग केलं. एक त्यांना, तीन त्यांच्या मुलींना. खर्च ५०० रुपयांच्या आत. मस्कतला असलेली मुलगी फोनवर रडली, असं आंटींनी नंतर सांगितलं. स्वतः मात्र एवढंच म्हणाल्या, "धण्याचं प्रमाण चुकलंय तुझं."

आई-वडील, आजी-आजोबा, सासू-सासरे यांच्यासाठी काही शोधत असाल तर याच वाटेने शोधा. म्हाताऱ्या माणसांना वस्तूंची हौस उरलेली नसते, पण घरात काहीतरी मोडकं, अडकलेलं, राहून गेलेलं असतं. लग्नाचा फोटो ज्याची काच फुटलीय. रेडिओ, ज्याची वायर सैल झालीय. चष्मा, ज्याचा नंबर बदललाय आणि 'बघू नंतर' म्हणून दोन वर्षं तसाच आहे. पायरीला कठडा नाही. यातलं एक डिसेंबरच्या आधी दुरुस्त करून द्या. ज्यांची मुलं दूर आहेत त्यांच्याकडे २४च्या संध्याकाळी गाडी घेऊन जाणं हीसुद्धा भेटच. रात्रीच्या मिस्सेला रिक्षा मिळत नाही, म्हणून कितीतरी वयस्क माणसं सकाळच्या मिस्सेवर समाधान मानतात. गोव्यात जहाजावर काम करणाऱ्या तारवोट्यांच्या घरी तर मधल्या खुर्चीवरचा माणूस कित्येक नाताळांत फोनच्या पडद्यावरच असतो. तिथे तुम्ही व्हिडिओ कॉल नीट लावून दिलात, आवाज येतोय ना ते बघितलंत आणि मग बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलात, तर आणखी काही न्यायची गरज नाही.

ज्या घरात या वर्षी कोणी गेलं आहे, तिथलं थोडं सविस्तर सांगते, कारण इथे आपण सगळ्यात जास्त गोंधळतो. दिवाळीला आपल्याकडे जसं दुःखाच्या घरी फराळ करत नाहीत, शेजारीपाजारी नेऊन देतात, तसंच बऱ्याच कॅथलिक घरांत असतं. तारा लागत नाही, गोडाधोडाची कढई चढत नाही. तिथे चकचकीत कागदात गुंडाळलेली भेट नेऊ नका आणि 'मेरी ख्रिसमस' म्हणत दार उघडू नका. साधं जेवण न्या, २४ला दुपारीच, म्हणजे रात्रीची चूल पेटवायला नको. गेलेल्या माणसाचा तुमच्याकडे एखादा फोटो असेल, जो त्यांच्याकडे नसेल, तर तो मोठा करून द्या. आणि कुटुंब कॅथलिक असेल तर त्या माणसासाठी मिस्सा अर्पण करता येते. चर्चच्या कार्यालयात जाऊन नाव आणि तारीख सांगायची. तुम्ही ख्रिस्ती नसलात तरी विचारायला हरकत नाही. मात्र डिसेंबरात तारखा लवकर भरतात, त्यामुळे नोव्हेंबरातच जा. त्या दिवशी देवळात त्या माणसाचं नाव वाचलं जातं. वसईत चर्चला देऊळच म्हणतात.

इथेच एक सावधगिरी. ख्रिस्ती म्हटलं की सगळे एकसारखे, असं धरून चालू नका. जपमाळ किंवा मारियेची मूर्ती कॅथलिक घरात आवडेल, पण अहिल्यानगर, पुणे, सोलापूरकडच्या प्रोटेस्टंट कुटुंबात ती देणं म्हणजे वारकऱ्याकडे मटणाचा डबा नेण्यासारखं. त्या कुटुंबांत मिस्सा नसते, उपासना असते. फादर नसतात, पाळक असतात. अनेक घरांत दारूही चालत नाही, तेव्हा वाइनची बाटली विचारूनच. आणि बायबल तर कोणालाच देऊ नका. ज्यांच्याकडे हवं त्यांच्याकडे ते आहेच, आजोबांच्या हस्ताक्षरातल्या नावासकट.

पुस्तकं मात्र द्या. मराठीत या समाजाने जे लिहिलंय ते त्याच समाजातल्या तरुण मुलांनाही पुष्कळदा माहीत नसतं, बाकीच्यांची तर गोष्टच सोडा. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' कोणत्याही वयाच्या, कोणत्याही धर्माच्या माणसाला डोळे मिटून द्यावं. ते हसवतं किती हे लोक विसरतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची बाकीची पुस्तकंही बघा; त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. ते ओव्यांत आहे, जड आहे, पण संतसाहित्य वाचणाऱ्या एखाद्या निवृत्त मास्तरांना द्याल तर ते वर्षभर तुमच्याशी त्याच्याबद्दल बोलतील. हे तुम्हाला परवडणार असेल तरच द्या.

मुलांसाठी भेट घेताना आधी त्यांच्या आईला एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे सांता येतो का? काही घरांत तो रात्री येऊन उशाशी ठेवून जातो, काही घरांत येतच नाही, आणि काही घरांत थोरलीला माहीत आहे पण धाकट्याला नाही. हे न विचारता तुम्ही मोठा खोका सगळ्यांसमोर "हे बघ सांताने पाठवलंय" म्हणून दिलात, तर उशाशी ठेवायची सायकलची घंटी आईच्या कपाटातच राहते.

वस्तू म्हणाल तर गोठ्यासाठी एखादी मूर्ती फार छान. आसिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात जिवंत बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा केला, तेव्हापासून गोठा मांडायची ही रीत पसरली. आज घरोघरी मुलंच तो मांडतात, अगदी आपल्याकडच्या दिवाळीच्या किल्ल्यासारखा. दर वर्षी एकच मूर्ती द्या. या वर्षी मेंढी, पुढच्या वर्षी उंट. मूल वाढतं तसा गोठाही वाढतो, आणि तुमचा उंट कुठला हे त्याला पाठ असतं. आमच्या मुलाने आंटींच्या नातवाला किल्ल्यावरचा मावळा दिला होता. तो भाला घेऊन कितीतरी वर्षं बेथलेहेमच्या गोठ्याबाहेर पहारा देत होता, कोणी काढला नाही. गोठ्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून मुलं नाचणी किंवा गहू पेरतात. त्यासाठी पसरट कुंडी, माती आणि मूठभर धान्य असा डबा १० डिसेंबरच्या सुमारास दिलात, तर सणापर्यंत कोंब वर येतात. खेळणंच हवं असेल तर सावंतवाडीची लाकडी फळं आणि भाज्या बघा. बॅटरी लागत नाही, हा आईबापांच्या दृष्टीने त्यांचा मोठा गुण.

ऑफिसातला सिक्रेट सांता म्हणजे ५०० रुपयांची मर्यादा आणि मगांचा पूर. ज्याच्या नावाची चिठ्ठी आली त्याला दोन दिवस नुसतं बघा. त्याची बाटली गळते का, डब्याचं झाकण रबराने बांधलेलं आहे का, चार्जर रोज दुसऱ्याचा मागतो का. एवढं पुरतं.

घरी कामाला येणाऱ्या बाई किंवा इमारतीचा वॉचमन ख्रिस्ती असेल तर दिवाळीचा बोनस त्यांना कधी हवा ते विचारा. बहुतेकांना तो डिसेंबरात हवा असतो, २० तारखेच्या आत, रोख. आणि २४, २५ची सुट्टी तोंडाने स्वतःहून सांगा, त्यांना मागायला लावू नका. पैशांऐवजी जुने कपडे देणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही.

परदेशातल्या माणसांना पाठवायचं असेल तर घाई नोव्हेंबरातच करा. आणि डब्यात काय घालता ते तपासा. नेवऱ्यांच्या सारणात बऱ्याच जणी खसखस घालतात. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार आणि सिंगापूर इथे खसखस न्यायला बंदी आहे, आणि 'आईने घातली, मला माहीत नव्हतं' हे तिथे चालत नाही. तिकडे जाणाऱ्यांसाठी सारण वेगळं करा. आखातात जाणाऱ्या पार्सलात रमचा केकही नको. ऑस्ट्रेलियात तर खाण्याच्या प्रत्येक वस्तूची नोंद करावी लागते, मांसाचं लोणचं वगैरे विसरूनच जा. अत्तर आणि पॉवर बँक हवाई टपालाने जात नाहीत. या सगळ्यातून सुखरूप निघणाऱ्या गोष्टी म्हणजे कापड, कागद आणि फोटो. येणारं-जाणारं कोणी ओळखीचं असेल तर वसई-आगाशीकडची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, त्या देशाचे नियम बघून पाठवा. इथून गेलेल्या माणसाला तिचा वास पुरतो.

बांधणीवर फार खर्च करू नका. चमकीचा कागद पाच सेकंदांत फाटतो आणि रद्दीवालाही घेत नाही. खणाच्या कापडाचा हातभर तुकडा घ्या, भेट त्यात गाठोड्यासारखी बांधा. कापड नंतर टीव्हीवर, टिपॉयवर, कुठेतरी लागतं. किमतीचं लेबल काढा पण बिल जपून ठेवा. आणि दोन ओळी हाताने लिहा, छापील कार्डावरच्या मजकुराखाली नुसती सही नको. काय लिहावं सुचत नसेल तर या वर्षातली त्या माणसाबरोबरची एक गोष्ट लिहा. आंटींना मी लिहिलं होतं, 'जुलैत पाणी भरलं तेव्हा तुमच्या माळ्यावर आम्ही दोन रात्री झोपलो.' ते कार्ड त्यांच्या फ्रिजला चिकटवलेलं होतं.

राहता राहिलं ते ताट. नाताळात शेजारून फराळाचं ताट येतं, वर क्रोशाचा रुमाल. आपल्याकडे ताट रिकामं परत करत नाहीत आणि घाईत लोक त्यात साखर घालून दुसऱ्याच दिवशी देऊन टाकतात. तसं करू नका, आंटींकडे २६ डिसेंबरला गोडाचं नाव काढलेलं कोणालाच आवडत नाही. मी ताट घासून, रुमाल धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवते. १४ जानेवारीला ते तिळाच्या वड्या भरून जातं. एके वर्षी मी ते आधीच, २ तारखेला परत नेलं, तर आंटींनी दारातूनच विचारलं, "का गं, या वर्षी वड्या नाही करणार?"